आधी ‘नाही’, मग ‘हो’

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटात झालं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा अजूनही गोंधळ होतो, आणि ‘पाणी’तला ‘ण’ बाणाचा की नळाचा हे मला रूममेटला विचारावं लागतं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. मॅगझिनच्या इंग्लिश सेक्शनमध्ये लिही, असं संपादक मंडळातल्या एकाने सुचवलंही होतं. पण ही गोष्ट घडली मराठीत, त्या दिवशी आम्ही सगळ्या बोललो मराठीत, आणि मी जी चूक केली तीही मराठीतच केली. म्हणून लेखही मराठीतच.

विषय असा आहे, की धोका समोर असताना माणूस निर्णय कसा घेतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घेतलेला निर्णय बदलतो कसा.

मागच्या वर्षीचा जुलै महिना. रविवार. लेडीज होस्टेलच्या आम्ही सातजणी सह्याद्रीतल्या एका किल्ल्यावर गेलो होतो. (नाव सांगत नाही. किल्ल्याचा त्यात काही दोष नाही!) प्लॅन माझा, एसटीचं टाइमटेबल माझ्याकडे, बिस्किटांचा हिशोब माझ्याकडे, म्हणजे थोडक्यात लीडर मीच. वाटेत एक ओढा लागतो. सकाळी जाताना पाणी जेमतेम घोट्यापर्यंत होतं. बूट हातात घेतले, फोटो काढले, पलीकडे गेलो. वर धुकं, गरम भजी, सगळं झकास. उतरताना पाऊस वाढला, आणि चारच्या सुमारास परत ओढ्यापाशी आलो तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं आणि त्याचा रंग चहासारखा झाला होता. ओढ्याचा आवाजही सकाळचा राहिला नव्हता.

मी म्हटलं, “नाही. थांबूया.”

पलीकडे एक आजोबा गुरं घेऊन उभे होते. तेही ओरडून म्हणाले, “पोरींनो, थांबा घटकाभर. चढलंय तसं उतरंल.”

आता ह्यापेक्षा स्पष्ट काय सांगायला हवं? पण फाट्यावरची शेवटची एसटी सव्वापाचची. ती चुकली की जीप मिळेपर्यंत थांबायचं, म्हणजे होस्टेलवर पोचायला साडेनऊ-दहा. इन-टाइम आठचा. मग रजिस्टरमध्ये लाल शाई, घरी फोन, आणि सोमवारी एचओडींच्या केबिनबाहेर रांगेत उभं राहणं. हे सगळं डोळ्यासमोर दिसत होतं. ओढ्यात काय होईल ते मात्र कोणालाच दिसत नव्हतं.

त्यानंतरची तीन-चार मिनिटं मला पाठ आहेत. “अगं, सकाळी ह्याच ओढ्यातून आलो ना?” “ती मुलं बघ, आत्ता दहा मिनिटांपूर्वी पलीकडे गेली. काही झालं त्यांना?” “माझ्या बाबांना फोन गेला ना, तर परत कुठे सोडणार नाहीत.” “ठीक आहे, थांबू. पण मॅडमना फोन तू करायचास.” आणि शेवटचं वाक्य, “तू सांग ना, नक्की कुठे धोका आहे ते दाखव.”

मला दाखवता आलं नाही. मी म्हटलं, “बरं, चला. हात धरा.”

चौथी मुलगी मध्यावर घसरली. हात सुटला. वीस-पंचवीस फूट खाली वाहत गेली आणि एका दगडाला अडकली. त्या आजोबांनी आणि अजून एका माणसाने तिला बाहेर काढलं. मनगट आणि कॉलर बोन, दोन फ्रॅक्चर. बस्स. ‘बस्स’ म्हणतेय, कारण त्या दगडाच्या पुढे ओढा एका घळीत उतरतो, आणि त्याच्याबद्दल मी अजून नीट विचार करू शकत नाही. हॉस्पिटलमधून होस्टेलवर पोचलो तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. जो लेट मार्क चुकवायला आम्ही पाण्यात उतरलो, तो व्याजासकट मिळाला.

तिने मला कधी दोष दिला नाही. हा लेखही तिला विचारून, तिला वाचून दाखवूनच लिहिलाय. तरी एक प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. माझं ‘नाही’ कशामुळे बदललं? त्या चार मिनिटांत पाऊस थांबला नव्हता. पाणी एक बोटभरही उतरलं नव्हतं. नवीन अशी एकही गोष्ट मला कळली नव्हती. मग बदललं काय?

ह्याचं उत्तर मला पुढच्या सेमिस्टरला, कुठे म्हणाल तर प्रोफेशनल एथिक्सच्या तासाला मिळालं. (हो, त्याच तासाला, जिथे मागच्या दोन बाकांवर सगळे झोपतात.) सरांनी चॅलेंजर यानाची केस शिकवायला घेतली. यान फुटलं एवढं सगळ्यांना माहीत असतं. मला माहीत नव्हतं ते आदल्या रात्रीचं.

२७ जानेवारी १९८६. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोरिडातून उड्डाण. थंडीची लाट आलेली. यानाच्या दोन्ही बाजूंचे सॉलिड रॉकेट बूस्टर मॉर्टन थायोकोल नावाची कंपनी बनवायची. बूस्टर तुकड्यातुकड्यांचा, आणि दोन तुकड्यांच्या सांध्यात गरम वायू बाहेर निसटू नये म्हणून रबराच्या गोल रिंगा, म्हणजे ओ-रिंग. रबर थंड झालं की कडक होतं आणि दाबल्यावर पटकन मूळ आकारात परत येत नाही. रॉजर बॉइसजोली आणि त्याचे सहकारी इंजिनियर कंपनीत हे कधीचं सांगत होते. त्या रात्री नासाबरोबर टेलिकॉन्फरन्स झाली आणि कंपनीने आपल्या इंजिनियरांच्या सांगण्यावरून स्पष्ट सल्ला दिला, की ५३ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे १२ अंश सेल्सिअस) खाली उड्डाण करू नका.

म्हणजे आधी ‘नाही’.

नासाच्या लोकांना हे आवडलं नाही. तापमानाचा आणि बिघाडाचा संबंध आकड्यांनी सिद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं. कंपनीने पाच मिनिटं मागून घेतली आणि फोन म्यूट केला. पाचाची जवळजवळ तीस झाली. त्या अर्ध्या तासात एका वरिष्ठ मॅनेजरने इंजिनियरिंगचे व्हाइस प्रेसिडेंट बॉब लंड यांना सांगितलं, की आता इंजिनियरची टोपी उतरवा आणि मॅनेजरची घाला. मग फक्त चार मॅनेजरांचं मत घेतलं गेलं. इंजिनियर त्याच खोलीत बसले होते, पण त्यांना विचारलंच नाही. फोन परत सुरू झाला तेव्हा कंपनीचा सल्ला होता, उडवा.

मग ‘हो’.

दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी चॅलेंजर उडालं. तापमान ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २ अंश सेल्सिअस. ७३ सेकंदांनी ते आकाशात फुटलं. सातही जण गेले. त्यांच्यात क्रिस्टा मॅकऑलिफ नावाची एक शाळेतली शिक्षिका होती. तिला बघायला शाळांमध्ये मुलं टीव्हीसमोर बसली होती.

वर्गात मी वहीत काहीच लिहिलं नाही. डोक्यात एकच चालू होतं. त्या अर्ध्या तासात थंडी कमी झाली नव्हती. नवीन टेस्ट झाली नव्हती. म्यूट करण्याआधी आणि नंतर टेबलावर तेच कागद होते. बदलला होता तो प्रश्न. आधी प्रश्न होता, ‘उडवणं सुरक्षित आहे हे सिद्ध करता येतं का?’ नंतर झाला, ‘उडवणं धोक्याचं आहे हे सिद्ध करता येतं का?’ ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माहिती अपुरी असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही, मग थांबा’ असं येतं, आणि दुसऱ्याचं ‘नाही, मग चला’. माहिती तीच, निर्णय उलटा! आमच्या ओढ्यावर सुद्धा हेच झालं. “नक्की कुठे धोका आहे ते दाखव” हे वाक्य ज्या क्षणी मी मान्य केलं, त्या क्षणी मी हरले.

गंमत (गंमत कसली म्हणा) अशी, की दाखवता आलं असतं. थायोकोलच्या इंजिनियरांनी त्या रात्री मुख्यतः ज्या उड्डाणांत ओ-रिंगला इजा झाली होती त्यांचे आकडे मांडले. त्यांत काही गरम दिवसही होते, त्यामुळे चित्र धूसर राहिलं. अपघातानंतरच्या चौकशी आयोगाने सगळी उड्डाणं एकत्र मांडली तेव्हा दिसलं, की ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून गरम असताना झालेल्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये इजा होती, आणि ६३ अंश किंवा त्याहून थंड असताना झालेल्या चारही उड्डाणांत होती. चारपैकी चार! जिथे काही झालं नाही ते आकडे सुद्धा माहितीच असतात, हे कोणाला सुचलं नाही.

आणि आम्ही? आमच्यातल्या चारजणी सिव्हिलच्या. फ्लुइड मेकॅनिक्स नुकताच पास झालेल्या, त्यातल्या दोघींना डिस्टिंक्शन. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, हे आम्ही परीक्षेत लिहून आलो होतो. हॉस्टेलवर आल्यावर मी मेसच्या बिलामागे गणित मांडलं. अर्धा मीटर पाणी, दोन पायांची मिळून रुंदी तीस सेंटिमीटर, वेग सेकंदाला दोन मीटर. जोर येतो साधारण ३०० न्यूटन, म्हणजे जवळपास तीस किलोचं वजन कोणीतरी आडवं गुडघ्यावर ढकलतंय, आणि पायाखाली शेवाळलेले दगड. वेग तीन मीटर धरला की हाच आकडा दुपटीच्या वर जातो. तो हिशोब ओढ्याकाठी दोन मिनिटांत झाला असता. पण ओढ्याकाठी आमच्या डोक्यात फक्त सव्वापाचची एसटी होती.

एसटीच का होती, ह्याचंही उत्तर आहे. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक पेपर लिहिला. त्यात विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना (स्टाफनेही लक्ष द्यावं, ही विनंती!) काल्पनिक पैजा दिल्या होत्या. पहिली पैज अशी, की खात्रीने ३००० घ्या, किंवा ८० टक्के शक्यतेने ४००० मिळतील, नाहीतर काहीच नाही. शंभरातल्या ८० जणांनी खात्रीचे ३००० घेतले. हातचं सोडून पळत्यापाठी कोण जाणार? मग पैज उलटी केली. खात्रीने ३००० गमवा, किंवा ८० टक्के शक्यतेने ४००० गमवा आणि २० टक्के शक्यतेने काहीच गमवू नका. आता शंभरातल्या ९२ जणांनी जुगार निवडला! हिशोब केला तर जुगारात सरासरी ३२०० जातात, म्हणजे खात्रीच्या तोट्यापेक्षा जास्तच. पण खात्रीचा तोटा माणसाला सोसवत नाही. तो टाळायला तो जास्त मोठ्या तोट्याची जोखीम उचलतो. कानेमन यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की १९९६ मध्येच वारले होते.

आता ओढा परत बघा. थांबलो तर लेट मार्क, घरी फोन आणि केबिन हे खात्रीने. उतरलो तर बहुतेक काहीच नाही, आणि झालंच तर खूप काही. आम्ही सातजणी त्या ९२ मध्ये बसलो. आम्ही काही मूर्ख नव्हतो. समोर खात्रीचा तोटा उभा केला की बहुतेक माणसं असंच वागतात.

कोणी म्हणेल, “एवढा विचार करत बसलं तर ट्रेक सोड, रस्ता सुद्धा ओलांडता येणार नाही. आणि ती मुलं गेलीच की पलीकडे!” बरोबर, गेली. पण ती गेली म्हणून ओढा सुरक्षित होता असं होत नाही. त्यांचं नशीब बरं होतं, एवढंच सिद्ध होतं. चॅलेंजरच्या आधीही ओ-रिंगला इजा होऊन यानं परत आली होती. दर वेळी यान परत आलं की लोकांची भीती वाढायच्या ऐवजी कमी होत गेली. चौकशी आयोगातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ह्या वृत्तीची तुलना रशियन रुलेटशी केली. पहिली गोळी सुटली नाही म्हणून पुढची सुटणार नाही असं थोडंच आहे?

दुसरं कोणी म्हणेल, “मग काय, एकदा ‘नाही’ म्हटलं की दगडासारखं अडून बसायचं?” अजिबात नाही. निर्णय बदलता आला पाहिजे. तासाभरात पाणी घोट्यावर आलं असतं तर ‘नाही’चं ‘हो’ करणं हाच शहाणपणा होता. आणि ‘हो’चं ‘नाही’ करण्याचं उत्तम उदाहरण तर आपल्याकडेच आहे. १५ जुलै २०१९ ची पहाट, श्रीहरिकोटा. चांद्रयान-२ उडणार म्हणून देश जागा, स्वतः राष्ट्रपती हजर. आणि ५६ मिनिटं २४ सेकंद बाकी असताना काउंटडाउन थांबवलं, कारण तांत्रिक बिघाड लक्षात आला. एवढ्या लोकांसमोर ‘आज नाही’ म्हणायला किती हिंमत लागली असेल! बिघाड दुरुस्त करून एका आठवड्याने, २२ जुलैला, यान व्यवस्थित उडालं. पुढे लँडर चंद्रावर नीट उतरू शकला नाही हे खरं, पण उड्डाण थांबवण्याचा निर्णय त्यामुळे चुकीचा ठरत नाही. तिथे निर्णय बदलला तो माहिती बदलली म्हणून. चॅलेंजरच्या रात्री आणि आमच्या ओढ्यावर निर्णय बदलला तो दबाव बदलला म्हणून. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. मत बदलावंसं वाटलं की स्वतःला एकच विचारायचं, ‘मला आत्ता नवीन काय कळलं?’ उत्तर ‘काहीच नाही, फक्त सगळे माझ्याकडे बघतायत’ असं असेल, तर मत बदलू नये.

नुसता उपदेश करून थांबत नाही, तीन सूचना मांडते. दोन आपल्यासाठी, एक स्टाफसाठी.

पहिली. परत कधी फिरायचं हे निघायच्या आधी, कोरड्या कपड्यांत, चहा पिताना ठरवा आणि कागदावर लिहा. इतके वाजले की परत. ओढ्याला इतकं पाणी असलं की थांबायचं. भिजलेल्या, दमलेल्या आणि एसटी चुकत असलेल्या माणसाला नियम बनवायला सांगू नये.

दुसरी. ग्रुपमध्ये एकीने किंवा एकाने ‘नाही’ म्हटलं की तिच्याकडे पुरावा मागायचा नाही. पुरावा ‘चला’ म्हणणाऱ्याने द्यायचा. आणि परत आल्यावर त्या व्यक्तीची ‘डरपोक’ म्हणून वर्षभर टिंगल करायची नाही. मला माहितीये, हे सगळ्यात अवघड आहे. आमच्या कॉरिडॉरमध्ये टिंगल हा राष्ट्रीय खेळ आहे.

तिसरी सूचना रेक्टर मॅडम आणि सरांसाठी, हात जोडून. इन-टाइम काढून टाका असं मी म्हणत नाही. तो कशासाठी आहे हे त्या रात्री पावणेबाराला गेटवर उभ्या असलेल्या मॅडमचा चेहरा बघून मला चांगलंच कळलं. पण आठ वाजायच्या आत जर कोणी फोन करून सांगितलं, की पाण्यामुळे, दरडीमुळे किंवा गाडी बंद पडल्यामुळे आम्ही अमुक ठिकाणी सुरक्षित थांबलोय, तर त्याला लेट मार्क नको, केबिन नको. घरी फोन जाऊदे, पण तो ‘मुलगी सुरक्षित आहे’ एवढं सांगायला जाऊदे. थांबणाऱ्याचा तो खात्रीचा तोटा तुम्ही एका सहीने कमी करू शकता. ह्याचा गैरफायदा कोणी घेणारच नाही असं मी म्हणणार नाही. घेतील, दोन-चार जण पिक्चर बघून दरडीचं कारण सांगतील. त्यांना पकडा, शिक्षा करा. पण त्या दोन-चार थापा एका पारड्यात टाका आणि दुसऱ्या पारड्यात तो दगड टाका, जो त्या दिवशी सुदैवाने वाटेत होता. मग ठरवा.

प्रामाणिकपणे सांगायचं तर नियम वेगळा असता तरी मी ‘नाही’वर टिकले असते का, ह्याची मला खात्री नाही. दोष नियमावर ढकलून मोकळं व्हायला हा लेख नाही. ‘बरं, चला’ हे शब्द माझे होते.

ह्या पावसाळ्यात आम्ही सातहीजणी परत त्याच किल्ल्यावर जाणार आहोत. तिचाच हट्ट आहे. (मनगट आता ठीक आहे, आणि ड्रॉइंग माझ्यापेक्षा अजूनही चांगलंच येतं.) जाताना त्या आजोबांना भेटायचंय. ह्या वेळी कागद तयार आहे, ‘पाणी घोट्याच्या वर असेल तर बसून राहायचं, एसटी गेली तरी.’ खाली सात सह्या आहेत.

कागद मात्र माझ्याकडे नाही. तो तिच्याकडे ठेवलाय.

चूकभूल देणे घेणे!

— लेडीज होस्टेल, तृतीय वर्ष सिव्हिल